बकरी, बढती आणि दहापैकी तीन

हॅलो? … हॅलो, कोण? … वर्षाली! अगं, तुहा आवाज काऊन असा येऊन राह्यला? रडली का?

… हाव, घरीच आहे. ओसरीत. सकाळची शाळा सुटली न, नऊ पोट्टे बसले आहेत समोर. वाचन चालू आहे. … तुमच्या विद्यापीठाचा ब्लॉग, दुसरं काय! तूच तर पाठवला. "बाई, मी आता ब्लॉग सांभाळते, पोरांना वाचून दाखवत जा," म्हणाली होतीस. रोज एक लेख वाचतो आम्ही. काल कोणी चंद्रावरच्या मातीत पालक लावला होता. परवा जुन्या पुस्तकांना वास कशाने येतो, ते. त्याच्या आधी पोळी फुगण्याचं गणित. एका इमारतीत एवढे शहाणे लोक, डबा खाताना भांडत नाहीत का गं?

… बरं, बरं. सांग. ऐकते.

… हाव, मीच लिहिलं ते. … अगं, लेखाखाली चौकोन होता न! वर लिहिलं होतं, "आपले मत नोंदवा." बत्तीस वर्षं चौथीच्या वह्या तपासल्या मी. माह्यं मत म्हणजे मार्क. … सगळ्याच लेखांना देल्ले. दहापैकी. एकसष्ट लेख झाले. … बाकीचे तिथं "छान, छान" लिहितात? सगळ्यांलेच छान? मंग पोरगं सुधारन कसं?

… काय? … पुन्हा सांग. … समितीनं मले बाह्य परीक्षक समजलं? दोन महिने? … अन् माह्ये मार्क बढतीच्या कागदात धरले? अगं, कोणी विचारलं नाई का, ही जिजाबाई रोहणा कोण म्हणून? … त्यांना रोहणा ही संस्था वाटली? गाव आहे म्हणावं, आर्वी तालुक्यात. बस येते इथवर.

… आँ? तुले कामावरून काढतीन? … थांब, थांब. म्हणजे बकरीच्या लेखाले देल्लेल्या माह्या तीन मार्कांपायी तो लिहिणाऱ्या धनंजय सरांची बढती अडकली. अन् ते म्हणतात, हा परीक्षक तूच घुसवला. … चार वाजता बैठक? साडेतीन तर इथंच झाले. … रडू नको. आधी नाक पूस. चौथीत रडायचीस तशीच रडून राह्यली.

… तीनाचे नऊ करू? … नाई बेटा. तुह्यासाठी मी मुंबईपर्यंत पायी येईन, पण मार्क वाढवणार नाई. अन् ते मी एकटीनं कुठं देल्ले? हे नऊ जण ठरवतात, मी लिहिते.

… सर तिथंच उभे आहेत? दे त्यांना. … दे गं. मी काई मारत नाई.

… नमस्कार सर, मी जिजाबाई. बसून बोला. पाणी प्यालात का? … हो, तीनच. एक शीर्षकाला, एक फोटोला, एक शुद्धलेखनाला. … रागावू नका. तुम्ही लिहिलंत, की बकरी घरातल्या सगळ्यात वयस्क माणसाचा मान राखते, त्याच्याच हाकेला धावते. बरोबर? … एकशे वीस घरं पाहिलीत, हो, वाचलं आम्ही. मला तर फार बरं वाटलं. एकाहत्तरची आहे मी. म्हटलं, कोणीतरी मान राखतंय.

… मग काय, आमच्या शेजारच्या रुख्माबाईच्या बकऱ्या अंगणात सोडल्या. अकरा. … हो, आम्ही करून पाहतो सर, नुसतं वाचून सोडत नाही. मी हाक मारली, एकीनंही मान वळवली नाही. मग या मुलांमधल्या आचलनं हाक मारली, तर अकराच्या अकरा तिच्या अंगावर. … नऊ वर्षांची आहे ती. … नाही, नाही, बकऱ्या बिघडलेल्या नव्हत्या. आचलच्या हातात बाभळीच्या शेंगा होत्या.

… लिहून घेता? … घाई नाही. विचार करा. मी थांबते.

… हां. आता सांगा, तुमच्या त्या घरांत चारा कोण घालत होतं? … आठवून सांगा. … आजोबा. … आणि दुसऱ्या घरात? … आजी. … आणि तिसऱ्या?

… पाहा, आलं न तुमचं तुम्हालाच! … ए, हसू नका रे! कोणाची चूक सापडली की हसायचं असतं का? … सर, आचल विचारते, आजोबांचे हात रिकामे करून पाहिले का? … नाही पाहिले. … मग हेच समितीसमोर सांगा. … कसं म्हणजे? तोंडानं. "मी हातात काय आहे ते पाहिलं नाही." एवढंच. … म्हणा बरं एकदा. … जरा मोठ्यानं, मागच्या पोरांना ऐकू आलं नाही. … शाब्बास!

… मुलं म्हणतात, खरं बोलले, एक वाढवा. चार झाले. पास झालात सर! … नऊ एकदम कसे मिळतील? चाराचे पाच, पाचाचे सहा. रविवारी या. बकऱ्या इथंच आहेत.

… हॅलो? वर्षाली? काऊन कुजबुजून राह्यली? … समितीच्या अध्यक्ष? दीपमाला मॅडम? मागंच उभ्या होत्या? … सगळं ऐकलं? … अगं बाई! मंग तुह्याबद्दल काय म्हणाल्या, ते सांग आधी. … काईच नाई? मंग काय विचारून राह्यल्या? … त्यांचा लेख? कोणता? … "झोपेत बोलणाऱ्या माणसांची भाषा"? हाव, वाचलता. थांब, वही पाहते.

… दोन. … दहापैकी दोन गं. … सांग न, घाबरते कायले? खाली शेरापण आहे. "माणूस खरंच झोपला होता, हे कोणी पाहिलं?"

… अन् उपाध्यक्ष? त्यांना एक. … समितीत किती जण आहेत? पाच. … हाव, पाचही जण आहेत माह्या वहीत. नापासच आहेत सारे.

… मंग असं सांग त्यांना. बाईंकडे पुन्हा तपासून मिळते. पण वही वर्षालीच्या हातून आली तरच. दुसऱ्या कोणाच्या हातून बाई घेत नाई. … सांग, सांग. मी आहे फोनवर.

… सांगितलं? … काय म्हणाल्या? … खुर्ची देल्ली तुले? … अन् कामाचं? … कायम ठेवतात? लेखी घे बेटा. … नाई, आत्ताच. सही झाली की मले वाचून दाखव.

… हां. … हां. … "वर्षाली यांना", पुढं? … तारीख टाकली का? … बरं झालं.

… रविवारी सगळेच येतात? पाचही? धनंजय सर धरून सहा? … येऊ दे. बसायले सतरंजी आहे. पण पुढं पोट्टे असतात, त्यांना मागंच बसावं लागन. … अन् सकाळी आठ म्हणजे आठ. उशिरा येणारा दारातच उभा राहते, हे सांगजो. … हाव, अध्यक्ष असल्या तरी. ठेवते.