पाठवणीचं बटण

माझ्या दुकानात आलीस ना, मग ती यादी आधी खिशात घाल बेटा. यूट्यूबवर पांढरा शर्ट घालून कुणीतरी बसतो आणि सांगतो, हे दहा सिंथ घ्या, कॉम्प्युटरमधली वाद्यं, आयुष्य बदलेल — बदलतं, त्याचं. तुझ्या लॅपटॉपची रॅम किती? आठ? मग हा पियानो सोडून दे. चाळीस जीबीचा आहे तो, ऐन हळदीत बसेल मुका होऊन. हा घे, लहान आहे, आणि मांडवात, शे-दोनशे माणसांच्या गलक्यात कुणाला फरक कळणार आहे? बाससाठी हा, मागच्या भरीव सुरांसाठी हा — फुकट आहे, पण चांगलाय. आणि चोरीचे प्रोग्रॅम घेऊ नको. पर्वत पाटियावर ढिगाने देणारे बसलेत, पेनड्राइव्ह पुढे केला की भरून देतात, पण नवरदेव घोड्यावर चढला की ते पडद्यावर लायसन्स मागतात. माझ्यावर आलीय ती वेळ. तुझ्या या कीबोर्डमध्ये स्वतःचा आवाज काहीच नाही, नुसत्या पट्ट्या आहेत, माहीत आहे ना? म्हणून बाहेरचं साउंडकार्ड लागेल. नाहीतर पट्टी आता दाबशील आणि सूर तू स्टेजवरून खाली उतरल्यावर निघेल!

मराठी नीट कळतं ना? घरी गुजराती बोलता की काय? हिंदी... बरं. आता सगळ्यांच्याच घरी तसं झालंय. आमची पोरगी मयुरी माझ्याशी मराठीत भांडते आणि फोनवर गुजरातीत हसते. असू दे. आणखी काय पाहिजे — ढोल भरला, बासरी भरली...

सनई?

सनईचं बघ, इंटरनेटवर बऱ्याच आहेत. ही एक बरी आहे. नको? कुठली मग? दाखव. ... हो. ही माहितीये मला. ‘योगेंद्र सनई’. योगेंद्र मीच. वाजवणारा? छे, मला फुंकरसुद्धा धड मारता येत नाही. बँडच्या गाडीवर कीबोर्ड वाजवायचो मी, वीस वर्षं, आपल्या खानदेशी लोकांची इथली सगळी लग्नं केली. वाजवलीय ती मगनदादाने. आमच्याच गावचा. खालचा सा कुठे आणि वरचा कुठे हे मला त्यानेच दाखवलं, माझ्या बहिणीच्या पाठवणीलाही तोच होता — बाप रडला नव्हता माझा, सनई सुरू झाली आणि बसला मटकन खाली. आणि फाइलवर नाव माझं. हं. बँडवाल्या भगवानशेठने टाकलं ते. त्यानेच चोरली ती फाइल.

कशी केली सांगू? एका ओळखीच्याचं कडोदऱ्याला लूमचं खातं आहे, कापड विणायचा कारखाना, सुटीच्या दिवशी बंद होतं, तेवढीच शांत जागा. दादा आला तर धुतलेलं धोतर, टोपी, आधी उदबत्ती लावली, सनईला नमस्कार. मी म्हणालो, दादा, लग्न नाहीये, एकेक सूर भरायचाय फक्त. तर तो हसला. एकेक सूर काय वाजवायचा म्हणाला, सूर काय एकटा असतो का? पण वाजवला. हळू, मध्यम, जोरात, प्रत्येक पट्टीचा तीन तीनदा. तीन तास. ओठ सुजले त्याचे. मी आपला — दादा, अजून एकदा, लूमवरचा पंखा ऐकू आला. आणि रात्री बसून... नाही, दुसऱ्या दिवशी, मी दोन सुरांमधला त्याचा श्वास कापून टाकला. प्रोग्रॅमला स्वच्छ लागतं ना सगळं.

शेवटचं बटण? हो, सगळ्यात वरची पट्टी. ती दाबली की पाठवणीची अख्खी धून वाजते. तीच पाहिजे ना तुला? सगळ्यांना तीच पाहिजे असते.

तो ती वाजवत नव्हता बेटा. हात जोडले मी. ‘कोनीच पोर जाई नही राह्यनी, मंग कसाले वाजाडू?’ असं म्हणाला. कुणाची पोर घरातून निघालेली नसताना ती धून वाजवायची नाही, त्याच्या बापाने त्याला तसं सांगितलेलं, त्याच्या आजाने बापाला. घराला बरं नसतं म्हणे. मग मी... मी म्हणालो, ठीक आहे, मशीन बंद केलं बघा, पण मला शिकवा तरी, तुमच्यामागे कोण वाजवणार? शिकवायचं म्हटल्यावर त्याने डोळे मिटले. मशीन कुठलं बंद? रेकॉर्डिंगच्या लाल दिव्यावर रुमाल टाकला होता मी. पोराने शिकायचं म्हटल्यावर तो नाही कसा म्हणेल?

बघू नको अशी. तुला आवाज पाहिजे, आवाज कसा आला ते सांगतोय.

मग काय, गाडीवर बटण आल्यावर मगनदादाला कोण बोलावणार? भगवानशेठने बोलावणं बंद केलं. दादा त्याच कडोदऱ्यात लूमवर लागला. आणि त्याच्या पोरीचं, सुवर्णाचं लग्न निघालं. शेठ म्हणाला, बँड आपल्याकडून. आनंदाने गेलो आम्ही. पाठवणीच्या वेळी दादाने फडक्यातून सनई काढली. आयुष्यभर लोकांच्या पोरी वाटे लावल्या, आज स्वतःची. सनईची पत्ती तोंडात धरून ओली करत होता — वेळ लागतो त्याला, लूमवर गेल्यापासून सनई हातात कुठे घेतली होती? मुलाकडच्यांना घाई, गाडीचा हॉर्न. शेठने मला हात केला आणि मी बटण दाबलं.

सगळा मांडव रडला. सुवर्णा येऊन बापाच्या गळ्यात पडली. लोक म्हणतात, व्वा मगनदादा! त्यांना वाटलं, तोच वाजवतोय. सनई हातात होती ना त्याच्या. पत्ती तोंडातच राहिली. धून संपेपर्यंत उभा राहिला तसाच, मग फडक्यात गुंडाळली.

काय? शेठ कुठे उभा होता? शेठ... शेठ जेवायला बसला होता. मागच्या बाजूला. हात कुणीच केला नाही. मला वाटलं, वेळेवर वाजलं पाहिजे. मला वाटलं, लोकांनी ऐकावं, केवढं हुबेहूब जमलंय मला. आणि फाइलही कुणी चोरलेली नाही. मीच टाकली इंटरनेटवर, माझ्याच नावाने. झालं समाधान?

थांब, भरतोय ना मी, दोन मिनिटं लागतील. फाइलचं नाव नको बदलू, राहू दे तसंच.

परवा आमच्या मयुरीचं लग्न आहे. बँड लावला नाही मी. रविवारी कडोदऱ्याला गेलो, दादाच्या घरी, अक्षता घेऊन. त्याच्या बायकोने, मंगलाबाईंनी, चहा दिला. कान गेलेत त्याचे लूमच्या आवाजाने, म्हणून मोठ्याने बोलावं लागतं — अख्ख्या चाळीने ऐकलं माझं. दादा, चुकलो. दादा, माझ्या पोरीला तुमच्या हातून वाटे लावा, दुसरं काही मागत नाही. दोनदा बोललो. त्याने बशी खाली ठेवली. रागावला नाही, बेटा. रागावला असता तर पाय धरले असते मी. शांतपणे म्हणाला, ‘तुन्हाजोडे शे ना भो. दाबी दे.’ तुझ्याजवळ आहे ना, दाब. आणि अक्षता घेतल्या, कपाळाला लावल्या, मयुरी कशी आहे विचारलं.

घे, झालं. सगळं भरलंय. इथे वाजवून बघू नको. घरी बघ. इथे नाही म्हणतो ना — उचल तो लॅपटॉप आणि नीघ. मला दुकान बंद करायचंय.