उंबऱ्याबाहेरचा तांब्या

मी मूळची मिरजगावाकडची, दिली हिकडं तालुक्याच्या गावाला. मालक दुष्काळी कामावर खडी फोडत्यात अन् मी सरकारी दवाखान्यात आया, त्यातबी शिरेस वार्डात. काय सांगू तुमाला, सलाइनची बाटली धरायची, घान काडायची, अन् कुनी गेलं की डोळं झाकायचं, हनुवटी बांधायची, समदं आमीच. शिस्टर म्हनत्यात, यमुना, मन घट्ट कर. आता मन काय पिठाचा गोळा हाय व्हय, पानी कमी घातलं की घट्ट.

मनाचं मी बगून घेतलं असतं, खरं दुखनं आंगुळीचं. मढ्याला शिवलं की आंगुळीबिगर उंबरा वलांडायचा न्हाई, ही रीत. अन् बहात्तरपास्नं पावसानं पाठ फिरवलेली, टँकर आला तर आला, घरात एक हंडा, तो पेयाला. सासू, म्हंजी आत्याबाई, दारात माज्या तान्ह्या पोरीला घिऊन बसायच्या, इचारायच्या, आज कुनी गेलं का. मला खोटं बोलता येत न्हाई. मग मी अंगनात, पोर आत दुदासाटी रडतीय, माजा पदर भिजतोय, अन् आत्याबाई तिला हलवत म्हनत्यात, रीत हाय बाई, मी काय करू. शेजारनीनं बादली दिली तर सुटका. लई वाटायचं, सोडावी नोकरी. वार्डात कदी रडले न्हाई, अंगनात रडायची.

मग आत्याबाईच जुलाब-उलट्यांनी आडव्या झाल्या, अन् आनल्या कुटं, तर माज्याच वार्डात. एका सकाळी शेजारच्या खाटंवरची बाई गेली, तिचं डोळं झाकून मी वळले तर आत्याबाई म्हनत्यात, पानी. मी म्हनलं, साबनानं हात धुते पर आंगूळ न्हाई झाली, शिस्टरला बोलावते. त्यांनी माजं मनगाट धरलं, सोडंचनात. मग मी हात धुऊन चमच्या-चमच्यानं पाजलं, त्या पेल्या.

बऱ्या हून घरी आल्या. रीत मोडली न्हाई हां, म्हातारी लई वस्ताद. आता सांजच्याला आपल्या पेयाच्या वाट्यातला तांब्या उंबऱ्याबाहेर ठिवत्यात, वर कडूलिंबाचा पाल्याचा डगळा. कुनी गेलं असलं की डगळ्यानं माज्या अंगावर शिपडत्यात, उरलेलं हातापायावर वतत्यात, म्हनत्यात, झाली आंगूळ, घे पोरीला, बाकीची पाऊस आल्यावर कर.

कुनी गेलं नसलं तर तोच तांब्या त्या तोंडाला लावत्यात.

थकले बगा. तुमच्यावर आमच्या वार्डाची पायरी चढायची येळ न येवो. उटते आता, त्या दारात बसल्या असतील. आज एक तरनाताटा गडी गेला, आत्याबाईला तहानलंच निजावं लागंल.