कातरणीचा पैरा

(आटपाडीकडचा माळ. आज कातरलेली लोकर पोत्यांत भरून ठेवली आहे. त्या पोत्यांवर तिघं बसली आहेत: धोंडुबाई, तिचा मुलगा धनाजी आणि लोकर घेणाऱ्या कंपनीची अंकिता.)

अंकिता: म्हणजे चौदा माणसांनी दिवसभर तुमची मेंढरं कातरली आणि मजुरी एकालाही दिली नाही?

धोंडुबाई: कुनी मागितलीच न्हाई.

अंकिता: मावशी, कंपनीची पहिली अट आहे. आमच्याशी भागीदारी करायची, तर कुणाला फुकट राबवता येत नाही.

धोंडुबाई: राबवतंय कोन? पैरा हाय. ती आमची कातरत्यात, आमी त्येंची कातरतो.

अंकिता: मग त्यांच्याकडं तुम्हाला मजुरी मिळते?

धोंडुबाई: न्हाई.

अंकिता: म्हणजे तुम्हीही फुकट.

धनाजी: सगळा माळ तसाच हाय, मॅडम.

अंकिता: हे असं लिहिलं तर साताऱ्याचं ऑफिस फाईल बंद करेल.

धनाजी: मग तीनशे रुपय रोज लिवा की. कोन बघतंय?

अंकिता: बघतात. फोन करून विचारतात एकेकाला.

धोंडुबाई: म्हंजी आमच्या दिराला, नाथाजीला, फोन लावनार. वैनीकडनं रोज घेतलास का म्हून?

अंकिता: हो.

धोंडुबाई: मग त्यो परत हितं पाय ठेवनार न्हाई. बाकीची बी न्हाईत. रोजानं यायला ती काय परकी हायती? ऱ्हाऊ दे पोरी, लोकर नगं घिऊस. पाच वर्सं वड्यात टाकतोय, सहाव्या वर्सी बी टाकू.

धनाजी: आये, पाच वर्सांत पयलं गिऱ्हाईक हाय ह्ये.

धोंडुबाई: मला कळत न्हाई व्हय? तुझ्या बाच्या हातची जनावरं. वड्यात पोतं उलटं करताना मी तोंड फिरवते. पर पैरा मोडून इकायची न्हाई.

अंकिता: जेवण तरी दिलं ना?

धोंडुबाई: बकरं पाडलं. सुनंनं, सोनियानं, भाकरीचा ढीग घातला.

अंकिता: फॉर्मवर फक्त ‘चहा-नाश्ता: आहे किंवा नाही’ एवढंच आहे.

धनाजी: मग ‘आहे’ म्हना.

अंकिता: थांबा जरा. मजूर लिहिलं तर मजुरी दाखवावी लागते. भागीदाराला नाही लागत.

धोंडुबाई: कोन भागीदार?

अंकिता: चौदाही जण. तुम्ही धरून पंधरा. सगळ्यांच्या लोकरीचा एकच गट. मलाही या महिन्यात दहा भागीदार दाखवायचेत. आतापर्यंत शिराळ्याचा एक मिळालाय, आणि त्याच्याकडं मेंढरं नाहीत.

धनाजी: मग काय हाय?

अंकिता: उत्साह आहे.

धोंडुबाई: पंधरा जनांचं लिव. त्ये खरं हाय.

अंकिता: पण सगळ्यांनी एका जागी बसून, एकमेकांसमोर सह्या करायच्या. उद्या जमेल?

धनाजी: बोंबललं.

अंकिता: काय झालं?

धनाजी: आय आनि नाथाजीकाका तीन वर्सं बोलत न्हाईत. त्येच्या कुत्र्यानं आमचं कोकरू धरलं, तवापासनं.

अंकिता: पण ते आज कातरायला आले होते ना?

धोंडुबाई: पैरा व्हता, आला. चाळीस कातरली त्येनं. एकाला कातर लागली न्हाई.

धनाजी: आनि न जेवता गेला.

धोंडुबाई: दर साली तसाच जातो.

अंकिता: आणि त्यांच्या कातरणीला तुम्ही?

धोंडुबाई: जाते की. दिसभर लोकर गोळा करते.

अंकिता: जेवता तिथं?

धोंडुबाई: घरनं भाकरी बांधून नेते.

अंकिता: मग असं करू, त्यांचं नाव गाळते. चौदा जणांचाही गट होतो.

धनाजी: व्हय आये, गाळू. कटकट नगं.

धोंडुबाई: चाळीस मेंढरं त्येनं कातरली, आनि त्येलाच गाळून इकू?

अंकिता: मग बैठक कशी व्हायची?

धोंडुबाई: बैठक परवा ठेव. उद्या त्येच्याकडं कातरनी हाय.

अंकिता: परवा तरी ते तुमच्यासमोर बसतील का?

धोंडुबाई: धन्या.

धनाजी: काय?

धोंडुबाई: सोनियाला सांग, उद्या माझी भाकरी बांधू नगं.