ओळ नऊ, क्रमांक तीन

(हार्त्स डोंगराच्या पायथ्याचं एक लहान शहर, २०१९. गेर्लिंडे लांत्स यांच्या स्वयंपाकघरात दुपारची कॉफी. समोर निवृत्त औषधविक्रेते ब्रुन्स. ते आता मंगळवारी शहराचा दप्तरखाना सांभाळतात.)

ब्रुन्स : म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं, फ्राउ लांत्स? आणि मी इथे तासभर पाल्हाळ लावून बसलोय!

गेर्लिंडे : तुम्ही सांगत होतात छान. मध्ये तोंड घालायचं जिवावर आलं. केक घ्या ना. प्लम यंदा आंबटच निघालेत.

ब्रुन्स : केक राहू द्या. नीट सांगा मला. ओळ नऊ, क्रमांक तीन. शहराची सन्मानाची कबर. दर सप्टेंबरात महापौर तिथे पुष्पचक्र वाहतात. आणि तिच्यात वनस्पतिशास्त्रज्ञ कोनराड फोल्मर नाहीतच!

गेर्लिंडे : नाहीत. माझे बाबा आहेत. रेल्वेत सिग्नलवर होते. नाव तेवढं तेच, कोनराड फोल्मर.

ब्रुन्स : आणि दोघं गेले एकाच हिवाळ्यात, १९५१ला, तीन आठवड्यांच्या अंतरानं. मरणाऱ्यांनीही मागच्यांचा काही विचार करावा!

गेर्लिंडे : बाबांना सांगायला हवं होतं, जरा दमानं घ्या म्हणून.

ब्रुन्स : माफ करा. चाळीस वर्षं औषधं मोजून दिली, बोलणं मोजायचं राहून गेलं.

गेर्लिंडे : असू द्या. पण चूक झाली कशी? ते मला कधीच कळलं नाही.

ब्रुन्स : दफनभूमीच्या कचेरीत प्रत्येक कबरीचं एक कार्ड असायचं. एकाच नावाची, एकाच सालाची दोन कार्डं बघून कुणा टापटिपीच्या माणसाला वाटलं, चुकून दोनदा लिहिलंय. त्यानं एक फाडून टाकलं. उरलं ते तुमच्या वडिलांचं. चर्चच्या दफनवहीत मात्र दोघंही आहेत. तुमच्या वडिलांपुढे मुलीचं नाव होतं, लग्नाच्या वहीतून तुमच्यापर्यंत पोचलो. शास्त्रज्ञ ओळ चार, क्रमांक अकरा.

गेर्लिंडे : तिथे तर आता झाऱ्या टांगतात.

ब्रुन्स : हो ना. बायको नाही, पोरं नाहीत. साधी कबर इथे तीस वर्षांपुरतीच, मग जागा दुसऱ्याला. ती भरली तशी १९८१च्या मार्चमध्ये अख्खी ओळ मोकळी केली. आणि त्याच उन्हाळ्यात नगरसभेला आठवण झाली, आपल्या थोर फोल्मरांचा सन्मान करायचा राहिलाय! कार्ड शोधलं, तर हातात आलं तुमच्या वडिलांचं.

गेर्लिंडे : बाबांच्या क्रुसावरही चिठ्ठी चिकटवली होती त्यांनी. मुदत संपत आली, कचेरीत भेटा. साधी ओळीतली कबर, तिची मुदत वाढत नाही. तरी गेले विनवायला. तिथली बाई कार्ड बघून उभीच राहिली. म्हणाली, अहो, ही तर सन्मानाची कबर, हिला कोण हात लावतंय! तुम्ही कोण त्यांच्या?

ब्रुन्स : मग?

गेर्लिंडे : मी म्हटलं, कोणी नाही. सहज विचारलं.

ब्रुन्स : अरे देवा.

गेर्लिंडे : एवढंच बोलले. अडतीस वर्षं झाली, अजून निस्तरतेय.

ब्रुन्स : पण गावात कुणालाच कसं आठवलं नाही?

गेर्लिंडे : कुणाला आठवणार? आम्ही युद्धानंतर सिलेसियाहून आलेले निर्वासित. बाबा सहा वर्षं जगले इथे, तीही गावाबाहेर, सिग्नलच्या खोलीत. आई गेलेली, माझं आडनाव लग्नात बदललेलं. लाकडी क्रूस काढला, ग्रॅनाइट बसवला. त्यावर जन्म १८७४. बाबा १९०८चे. चौतीस वर्षांनी म्हातारं करून टाकलं त्यांना, आणि मी मागे उभी राहून टाळ्या वाजवल्या.

ब्रुन्स : कार्यक्रमाला जाता?

गेर्लिंडे : दरवर्षी. बँड वाजतो, शाळेतली मुलं शेवाळांची नावं म्हणून दाखवतात. बाबांना शेवाळ आणि गवत यांतला फरक कळत नसे. एकदा एकटीच गेले आणि तण उपटायला बसले, तर नगरपालिकेचा माळी म्हणाला, आजी, इथलं आम्ही बघतो, तुम्ही तुमच्या माणसाकडे जा.

ब्रुन्स : मग काय केलंत?

गेर्लिंडे : गेले. दोन ओळी पलीकडे कुणी ओटिली म्हणून आहे, तिच्या फुलांना पाणी घालून आले. ओळख ना पाळख.

ब्रुन्स : हे बघा. माझा लेख शुक्रवारी साप्ताहिकात यायचाय. छापला तर दगड ओळ चारला जाणार, आणि तुमच्या वडिलांची कबर सपाट होणार. नियम म्हणजे नियम. नाही छापला, तर त्या दुसऱ्या बिचाऱ्याचं काय? त्याच्या बाजूनं बोलायलाही कुणी नाही. पण तुम्ही म्हणत असाल तर वही मिटून ठेवतो. माझ्यामागे त्या वह्या कोण उघडणार?

गेर्लिंडे : बाबांच्या कबरीबद्दल बोलायचंय असा तुमचा फोन आला तेव्हा वाटलं होतं, पाय धरावेत तुमचे.

ब्रुन्स : नको, संधिवात आहे.

गेर्लिंडे : मग विचार करत बसले. 'माझे बाबा' असं मी कुणाजवळ शेवटचं कधी म्हटलं असेल? आई गेली त्या वर्षी. कबर राखली मी, हेर ब्रुन्स, पण मुलगी म्हणून तिथून उठले ती उठलेच. फार एकटं वाटतं हो तिथे, एवढ्या माणसांत. छापा तुम्ही.

ब्रुन्स : कबर जाईल.

गेर्लिंडे : जाऊ द्या. फक्त एक लिहा. कोनराड फोल्मर, सिग्नलवाले, जन्म १९०८. मागे मुलगी गेर्लिंडे, हयात.

ब्रुन्स : लिहितो. मुलगी गेर्लिंडे... हयात. अजून दोन ओळींची जागा आहे. कसे होते तुमचे वडील?

गेर्लिंडे : कसे होते?

ब्रुन्स : म्हणजे स्वभाव, सवयी. काहीही चालेल.

गेर्लिंडे : हे कधी कुणी विचारलंच नाही मला. दहा वर्षांची होते मी. शीळ छान घालायचे... नाही, तो मामा. थांबा हं, हेर ब्रुन्स. उठू नका. आठवेल मला.