मारीज गोदबू रांगेतून हटली नाही

नाव : मारीज गोदबू. वय : ४३ वर्षे. धंदा : स्कीचे कपडे दुरुस्त करण्याचे दुकान. राहणार : चर्चच्या मागे, मौजे कोर्नेय, क्वेबेक प्रांत, कॅनडा.

मी समक्ष पोलीस ठाण्यात येऊन विचारल्यावरून सांगते की, मी वरील पत्त्यावर एकटी राहते. माझी वहिनी जिनेत, म्हणजे थोरल्या भावाची बायको, शेजारच्या घरात राहते. दुकान काढण्यापूर्वी मी कोर्नेय डोंगरावरच्या स्की-शाळेत एकोणीस हंगाम शिक्षिका होते. लग्नाबद्दल विचारले. त्याचा या प्रकरणाशी संबंध नाही.

तीन हिवाळ्यांपूर्वी आईच्या घराच्या छपरावर साचलेला बर्फ फावड्याने ओढताना मी खाली पडले. तेव्हापासून माझ्या कमरेखाली हालचाल नाही. हे नीट लिहून घ्यावे, कारण डोंगर चालवणाऱ्या रिसॉर्टने माझ्याविरुद्ध केलेल्या तक्रारीत मला 'स्कीच्या अपघातात अधू झालेली बाई' असे म्हटले आहे. स्कीने माझे काही वाकडे केलेले नाही. छपराने केले.

गेल्या हिवाळ्यात नदीपलीकडच्या एका लहान टेकडीवर मी बैठी स्की शिकले. बैठी स्की म्हणजे एकाच पट्टीवर बसवलेली खोलगट बैठक. कमरेला आणि मांड्यांना पट्टे आवळायचे आणि दोन्ही हातांत आखूड काठ्या धरायच्या. काठ्यांच्या टोकाला लहान स्क्या असतात. वळायचे ते खांद्यांनी. शिकवणाऱ्या बाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "पायांनी जे जे करत होतात ते सगळं विसरा." मी विसरले नाही, पण शिकले. यंदा मी कोर्नेय डोंगराचा हंगामी पास सर्वांसारखाच खिडकीवर जाऊन घेतला. तो देताना कोणी काही बोलले नाही.

घटना मंगळवारची आहे. शाळांना हिवाळी सुट्टी असल्याने डोंगरावर गर्दी होती. थंडी उणे एकोणीस होती आणि नदीकडून वारा होता. जिनेत वहिनीने मला गाडीतून आणले. वहिनी स्की करत नाही. "दोन पट्ट्यांवर उभं राहून खाली घसरायला देवानं मला अक्कल कमी दिलेली नाही," असे ती लग्न होऊन आली तेव्हापासून म्हणते. तिने सोबत थर्मासमध्ये वाटाण्याचे सूप आणले होते. सूपचा उल्लेख पुढे येईल.

मोठ्या लिफ्टवर, म्हणजे दोराला टांगलेल्या खुर्च्यांतून माणसे डोंगरावर नेणाऱ्या यंत्रावर, गास्तों पेल्शा कामाला होते. ते माझ्या वडिलांबरोबरचे आहेत. खुर्च्या समोर आल्या की माणसे नीट बसली ना ते बघणे, अडखळले तर लिफ्ट हळू करणे, हे त्यांचे काम. मला पाहून ते म्हणाले, "आलीस? मला वाटलं मी गेल्यावर येशील."

मी म्हटले, "तुम्ही कुठं जाताय? तुम्हाला न्यायला मृत्यूला पण रांगेत उभं राहावं लागेल."

"मग ये की. हळू करू?"

"पहिल्यांदा करा. मग बघू."

माझा नंबर येऊन मी खुर्च्यांसमोरच्या रेघेवर गेले, तेवढ्यात रिसॉर्टचे व्यवस्थापक ओलिव्हिए ब्रिसेत आले. हे गेल्या शरद ऋतूत मॉन्ट्रियलहून आले आहेत. त्यांनी गास्तोंना लिफ्ट थांबवायला सांगितली. गास्तोंनी ऐकले नाही असे वाटून त्यांनी स्वतःच लाल बटण दाबले. तक्रारीत 'सदर महिलेने लिफ्ट बंद पाडली' असे लिहिले आहे. ते खोटे आहे. लिफ्ट ब्रिसेत यांनी बंद केली. त्या वेळी वर दोरावर पन्नाससाठ माणसे खुर्च्यांत लटकलेली होती, त्यांत लहान मुले होती.

आमच्यात झालेले बोलणे आठवेल तसे सांगते.

ते म्हणाले, "मादाम गोदबू, तुमच्याबद्दल आम्हा सर्वांना फार आदर आहे."

मी म्हटले, "आदर राहू द्या. खुर्ची येऊ द्या."

त्यांनी खांबावरची पाटी दाखवली. 'ज्यांना स्वतःच्या दोन पायांवर उभे राहता येते अशाच पाहुण्यांनी लिफ्टवर बसावे.' पास घेतला त्या दिवशी ही पाटी तिथे नव्हती. मी म्हटले, "यात पाहुण्यांबद्दल लिहिलंय. मी पाहुणी नाही. तुम्ही आहात."

ते म्हणाले, "हे तुमच्याच सुरक्षेसाठी आहे. लिफ्ट मध्येच बंद पडली तर तुम्हाला खाली कसं उतरवायचं?"

"बाकीच्यांना कसं उतरवता?"

"दोरानं."

"मग मला काय शिडीनं उतरवणार?"

मागे लोक हसले. मला वाटते, प्रकरण तिथे बिघडले. माणूस एकटा असला तर माघार घेतो, हसणाऱ्यांसमोर घेत नाही. ते खाली वाकून, मुलांशी बोलतात तशा आवाजात म्हणाले, "आपण असं करू. आमच्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर काचेची खोली आहे. तुमच्यासाठी चांगली जागा ठेवतो. पांघरूण देतो, गरम चॉकलेट देतो. तिथून डोंगर फार सुंदर दिसतो."

मी म्हटले, "डोंगर कसा दिसतो ते मला माहीत आहे. मी बघायला नाही आले."

यानंतर मी जागेवरून हलले नाही. दोन्ही काठ्या बर्फात रोवल्या. कोणाला धक्का दिला नाही. मला सरकवायला दोन रखवालदार बोलावले गेले. ते दोघे गावातलेच आहेत. त्यांनी माझ्याकडे पाहिले, एकमेकांकडे पाहिले आणि हातमोजे शोधू लागले. हातमोजे त्यांच्या हातांत होते.

रांगेतल्या लोकांत दोन तट पडले. कोणी म्हणत होते, "बसू द्या की तिला!" कोणी म्हणत होते, "बाई, बाजूला व्हा ना, वर्षातून एकदा येतो आम्ही." एका गृहस्थाने पुढे येऊन विचारले, "तुमच्या हट्टापायी आमच्या मुलांची सुट्टी फुकट घालवणार का?" त्यांचा राग चुकीचा होता असे मी म्हणत नाही. तो चुकीच्या माणसावर होता. मी त्यांना लाल बटण दाखवले आणि बटणावर हात कोणाचा आहे ते बघायला सांगितले.

शिवीगाळीबद्दल विचारले. मी ब्रिसेत यांना 'ताबेर्नाक' म्हटले, हे मान्य आहे. दोनदा म्हटले. आमच्याकडच्या बहुतेक शिव्यांसारखा तो शब्द चर्चमधलाच आहे, आणि त्याचा अर्थ देव्हारा असा होतो. देव्हारा म्हटल्याने माणसाचा अपमान होत असेल तर तो त्याने पाद्रीबाबांना जाऊन सांगावा. वहिनी जे म्हणाली त्यात देव्हाऱ्यासोबत पूजेची इतर भांडीही होती. ते तिच्या जबाबात येईल.

वहिनीने ब्रिसेत यांच्या अंगावर गरम सूप फेकले, हे खोटे आहे. वहिनी मला सूप द्यायला रांगेच्या कडेला बांधलेल्या दोरीखालून आत येत होती. ब्रिसेत यांनी तिला अडवायला हात पसरला. सूप सांडले. त्यांच्या कोटाचे जे झाले ते झाले, पण सूप वाया गेल्याचे दुःख वहिनीला अजून आहे. त्यात डुकराच्या मांसाचा चांगला तुकडा घातला होता.

हे चालू असताना वरून रडण्याचा आवाज येऊ लागला. पहिल्या खांबाजवळच्या खुर्चीत एक बाई दोन मुलांना कुशीत घेऊन बसली होती. तिने खाली ओरडून सांगितले की धाकट्याची बोटे बधिर झाली आहेत, लवकर काहीतरी करा. ब्रिसेत मला म्हणाले, "बघा, तुमच्यामुळे काय होतंय."

खरे सांगायचे तर त्या वेळी मी काठ्या उपटल्या होत्या. मी बाजूला होणार होते. हे ब्रिसेत यांना माहीत नाही, त्यांनी जाणून घेण्याचेही कारण नाही. पण तुम्ही सगळे खरे सांगायला सांगितले आहे.

तेवढ्यात गास्तों पुढे आले. ते ब्रिसेत यांना म्हणाले, "साहेब, बटणावरचा हात काढा."

"गास्तों, तुम्ही आपली जागा सोडू नका."

"माझी जागा हीच आहे. वर माणसं गारठलीत. बत्तीस वर्षांत मी कोणाला असं लटकवून भांडण केलेलं नाही. बाजूला व्हा."

त्यांनी ब्रिसेत यांना ढकलले नाही. ते नुसते चालत आले. ब्रिसेत बाजूला झाले. गास्तोंनी लिफ्ट चालू केली, वरची माणसे पुढे सरकली. मग माझ्याकडे न बघता ते मोठ्याने म्हणाले, "रिकामी खुर्ची येतेय. ज्याचा नंबर आहे त्यानं बसावं."

माझा नंबर होता.

खुर्चीत मी एकटी होते. वर पोहोचल्यावर थोडा वेळ कडेला थांबले. खाली नदी आहे, तीत बर्फाचे तुकडे समुद्राकडे जात होते. किती वेळ थांबले ते सांगता येणार नाही. का थांबले हे सांगणे मला आवश्यक वाटत नाही.

नंतर मी खाली आले. पहिल्या मोठ्या वळणावर पडले. तक्रारीत याचा खास उल्लेख आहे. हो, पडले. त्या दिवशी त्या उतारावर पडणारी मी एकटी नव्हते. सगळ्यांचे जबाब घेणार असाल तर ठाण्यात कागद पुरणार नाही. एक गृहस्थ मला उचलायला धावले. मी त्यांना म्हटले, "हात लावू नका, मला उठता येतं." उठायला वेळ लागला. ते तोवर खालच्या बाजूला उभे राहून मागून येणाऱ्यांना हात करत राहिले. त्यांचे नाव विचारायचे राहिले. मी उठल्यावर ते म्हणाले, "उत्तम, मादाम," आणि पुढे निघून गेले. त्या दिवशी मला माणसासारखे वागवणाऱ्यांत त्यांचे नाव असायला हवे होते.

खाली येऊन मी पुन्हा रांगेत लागले. गास्तों अजून तिथेच होते. दुसऱ्यांदा मी लिफ्ट हळू करू दिली नाही. दुसऱ्या फेरीत पडले नाही.

आपण, म्हणजे हा जबाब लिहून घेणारे हवालदार व्हेझिना, त्या सुमारास तिथे आलात. आपण उताराच्या पायथ्याशी उभे राहून हात हलवत होता, ते मला दिसले. मीही हात हलवला. आपण थांबण्याची खूण करत होता हे मला नंतर कळले, असे मी म्हणू शकले असते. तसे म्हणत नाही. मला तेव्हाच कळले होते. पण आपल्या पायांत स्क्या नव्हत्या, आणि मला आणखी एक फेरी हवी होती. ती झाल्यावर मी आपणहून आपल्यापाशी येऊन थांबले आणि चला म्हटले. आपण माझी स्की गाडीत ठेवायला मदत केलीत, त्याबद्दल आभारी आहे.

गास्तों पेल्शा यांना त्याच दुपारी कामावरून काढले. ते संध्याकाळी माझ्या दुकानात आले. कंपनीचा कोट काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "पोरी, छातीवरचा बिल्ला उसव." मी म्हटले, "कोट परत द्यायला सांगितलाय ना?" ते म्हणाले, "बिल्ला त्यांचा, तो देईन. आतलं ऊब धरणारं अस्तर तू घातलंयस. ते त्यांचं कसं?" मी बिल्ला उसवला. दोऱ्याची एकही खूण ठेवली नाही.  त्यांच्या निवृत्तीला हा एकच हंगाम उरला होता.

दुसऱ्या दिवशी मोठ्या लिफ्टवर उभे राहायला गावातले कोणी तयार नव्हते आणि ती बंद राहिली, असे मी ऐकले आहे. ऐकीव गोष्ट जबाबात घेता येत नाही असे आपण म्हणालात, म्हणून ती सोडून देते.

रिसॉर्टच्या वतीने मला आज असे कळवण्यात आले की, झाल्या प्रकाराबद्दल मी माफी मागितली आणि पुन्हा लिफ्टवर बसणार नाही असे लिहून दिले, तर तक्रार मागे घेतली जाईल, आणि काचेच्या खोलीतली जागा मला कायमची मिळेल. वहिनी म्हणते, सही करून मोकळी हो. ती हे माझ्या भल्यासाठी म्हणते आणि म्हणताना रडते, म्हणून मी तिला उलट बोलत नाही. पण सही करणार नाही. लहान मुलांना थंडीत थांबावे लागले याचे मला वाईट वाटते, आणि त्या मुलाच्या आईला मी निरोप पाठवला आहे. मुलाची बोटे बरी आहेत. त्यापलीकडे कोणाची माफी मागावी असे माझ्याकडून काही झालेले नाही. पास रद्द केला आहे असे म्हणतात. मला तसे लेखी मिळालेले नाही. पास माझ्या खिशात आहे. शनिवारी सकाळी डोंगर उघडेल तेव्हा मी रांगेत असेन. अटक करायची असल्यास तिथे यावे. येताना स्क्या आणाव्यात.

माझा जबाब हवालदारांनी मला फ्रेंचमध्ये मोठ्याने वाचून दाखवला. त्यात एके ठिकाणी 'सदर महिलेस खुर्चीत बसवण्यात आले' असे लिहिलेले होते. ते माझ्या सांगण्यावरून खोडून तिथे 'सदर महिला खुर्चीत बसली' असे केले आहे, आणि त्या खाडाखोडीवर आम्हा दोघांच्या सह्या आहेत. एवढा बदल धरून बाकी सर्व मी सांगितले तसेच आहे.

समक्ष सही,
मारीज गोदबू