अंगठ्याजवळची पहिली

प्रयोगशाळेच्या खिडकीशी माझ्यापुढे पोस्टमनच्या गणवेशातले एक काका होते. बोटांच्या बेचक्यांत तीन छोट्या नळ्या. आत तपासणी करणाऱ्या बाई.

“आमच्या हिच्या पाठीतलं पाणी आहे, ताई. वॉर्डातून थेट आणलंय.”

“काका, नळ्यांवरचे आकडे कुठे गेले?”

“हाताला घाम आला, पुसले गेले. पण अंगठ्याजवळची पहिली, करंगळीजवळची तिसरी.”

“नक्की? अंदाजानं सांगू नका.”

“तीस वर्षं टपाल वाटतोय, बोटांतला क्रम चुकत नाही. तीन जिने कठडा न धरता चढलो. पण ताई, पाठ एकच, पाणी एकच. त्यात पहिलं-तिसरं कशाला?”

“तिन्हींत रक्त सारखंच असेल, तर ते आतलं, मेंदूकडचं असू शकतं. पहिलीत जास्त आणि पुढे कमी होत गेलं, तर बहुतेक सुई टोचल्याचं.”

“मग बघा ना.”

“अंगठ्याजवळची लालसर आहे. करंगळीजवळची अगदी नितळ.”

“म्हणजे सुईचंच?”

“पेशी मोजल्याशिवाय मी काही बोलणार नाही. द्या इकडे.”

“आधी आकडे घाला, ताई. मग बोटं सोडतो.”