रांगेतली माफी

मुखतार: ती उठली की नाही, एवढंच विचारतोय, कामारियाताई.

कामारिया: उठली, न्हाली, नमाज झाला, गणवेश चढवला, माझ्या विकायच्या टोपलीतल्या गोकर्णीच्या निळ्या भाताच्या दोन पुड्या खाल्ल्या. फक्त परीक्षेला जात नाही म्हणते. तुम्हाला देऊ पुडी, मास्तर?

मुखतार: सव्वासात झालेत. आठला पेपर आहे.

कामारिया: म्हणजे नको?

मुखतार: द्या एक. बांधून. वानी! बाहेर ये. या आठवड्यात घरून परीक्षेला ओढून न्यायची तू चौथी. एकाला अंथरुणातून काढला, एकाला मासेमारीच्या होडीतून. तुझं काय ते सांग.

वानी: मी झोपले नव्हते, सर.

मुखतार: दिसतंय ते. काल भाषेचा पेपर दिलास ना?

वानी: दिला. भाषेच्या बाईंचं आणि माझं सगळं मिटलंय. आज इतिहास आहे. इतिहास तुम्ही शिकवलात.

मुखतार: वाईट शिकवला?

वानी: बरा शिकवलात. पण मला तो हलाल झालेला नाही.

मुखतार: हे बघ. गेल्या गुरुवारी शाळेच्या सभागृहात शेवटच्या वर्षाची, पाचव्या फॉर्मची दोनशे बारा मुलं रांगेनं माझ्यासमोरून गेली. मुलग्यांनी हातात हात दिला, मुलींनी छातीशी हात धरला. प्रत्येकानं म्हटलं, चुकलंमाकलं माफ करा, शिकवलेलं हलाल करा, राजीखुशीनं आमचं होऊ द्या. दोनशे बारा वेळा मी म्हटलं, माफ केलं, हलाल केलं. त्यात तू होतीस.

वानी: होते. तुम्ही फोनमध्ये बघत होतात.

मुखतार: कानांनी ऐकत होतो.

वानी: कसली माफी ते विचारलंत?

मुखतार: दोनशे बारा जणांना विचारलं असतं तर परीक्षा पुढच्या वर्षी घ्यावी लागली असती. चल.

वानी: न सांगता घेतलेली माफी लागत नाही. आणि शिक्षकानं मनापासून हलाल न केलेलं पेपरात आठवतच नाही.

कामारिया: मास्तर, हिच्या बापाचंही असंच. म्हशीलाही वाट देणार नाही म्हणायचा, शेवटी ओढ्यात पडायचा, पण शब्द मागे घ्यायचा नाही.

मुखतार: वानी, इतिहासात नापास झालीस तर प्रमाणपत्रच मिळत नाही. बाकी सगळ्यात पहिली आलीस तरी. नर्सिंगचा फॉर्म काय रद्दीत घालणार?

वानी: माहितीये.

मुखतार: मग काय करायचं ते गाडीत बोलू.

वानी: गाडीत बसते. उतरणार नाही.

कामारिया: मीही येते. मुलगी एकटी मास्तरांच्या गाडीत बरी दिसत नाही. आणि शाळेच्या फाटकाशी पुड्याही खपतील.

(गाडीत. वानी आणि आई मागे, टोपली पुढच्या सीटवर.)

मुखतार: हं. बोल. पूल येईपर्यंत संपव.

वानी: तुमचा पिंजऱ्यातला होला मी सोडला.

कामारिया: कुठला होला? तो? गाणारा? अगं, कार्टे!

मुखतार: पुढे बोल.

कामारिया: दीड महिना हे गावभर विचारत फिरत होते. माझ्याकडे भात घेताना यांच्या डोळ्याला पाणी आलं होतं.

मुखतार: मिरची लागली होती.

कामारिया: मिरची वेगळी बांधून देते मी.

वानी: शुक्रवारी होल्यांच्या गाण्याची स्पर्धा होती म्हणून तुम्ही पिंजरा शाळेच्या ओसरीत टांगला होतात. मधल्या सुट्टीत दार उघडलं. तो आधी जातच नव्हता. मग गेला.

मुखतार: शिपायाच्या मांजरावर सगळ्यांचा संशय होता. बिचाऱ्याला नदीपलीकडे सोडून आले. ते चार दिवसांत परत आलं. होला नाही आला.

वानी: तुम्ही काहीच म्हणाला नाहीत.

मुखतार: मांजर कडी परत लावत नाही. पिंजरा रिकामा होता आणि कडी नीट लावलेली होती. शाळा सुटल्यावर वर्गाच्या सगळ्या खिडक्यांच्या कड्या न सांगता लावणारी मुलगी एकच आहे.

वानी: तुम्हाला माहीत होतं?

मुखतार: पहिल्या दिवसापासून.

वानी: मग रांगेत...

मुखतार: म्हणून तर फोनमध्ये बघत होतो. तोंडाकडे बघून माफ केलं म्हणता आलं नसतं.

कामारिया: पूल आला, मास्तर.

मुखतार: दिसतोय.

वानी: आणि आता? आता केलंत माफ?

मुखतार: केलं. उतरायची तयारी कर.

वानी: मनापासून?

मुखतार: वानी, सात चाळीस झालेत.

वानी: खरं सांगा, सर.

मुखतार: खरं? नाही. अजून रोज सकाळी त्या रिकाम्या पिंजऱ्यात पाणी भरतो. बायको काही बोलत नाही, बाजूनं निघून जाते. पाच वर्षं सांभाळला होता मी त्याला. आता तूच सांग, कसं म्हणू मनापासून?

कामारिया: झालं. आता दोघंही गाडीतच बसा. पेपर मी लिहिते.

मुखतार: सोडलास कशाला पण? माझ्यावर राग होता तर टायरची हवा काढायची. बाकीचे काढतात.

वानी: गेल्या वर्षी मला तहाचं साल आलं नाही. तुम्ही म्हणालात, माझा होलासुद्धा तुझ्यापेक्षा लवकर शिकतो. सगळा वर्ग हसला.

मुखतार: मी म्हटलं?

वानी: बुधवार होता. त्यानंतर आठ महिने वर्गात शिरले की मागची मुलं घुमायची. घू घू करून. तुम्हीसुद्धा एकदा हसलात.

मुखतार: हसलो?

वानी: तोंड फळ्याकडे करून.

कामारिया: आठ महिने? घरी नाही बोललीस कधी.

वानी: तुला सांगून काय, तू शाळेत येऊन भांडली असतीस.

कामारिया: असतेच.

मुखतार: मला आठवत नाही, वानी. शपथेवर सांगतो, आठवत नाही. आणि तेच वाईट आहे.

कामारिया: मास्तर, फाटक मागे गेलं.

मुखतार: अं? हो. थांबा, वळवतो.

वानी: तुम्ही चिडलात का?

मुखतार: नाही. हे आलं फाटक. ओळखपत्र घेतलंस? पेनं?

वानी: दोन.

मुखतार: इकडे बघ. आरशात नको, मी मान वळवलीये. होला सोडलास ते माफ केलं. शिकवलं ते सगळं हलाल. हे मनापासून आहे. आता पटतंय?

वानी: पटतंय.

मुखतार: मग आता तू. मी जे बोललो, आणि हसलो, ते मला माफ कर.

वानी: आत्ता नाही, सर.

मुखतार: का?

वानी: आता घाईत म्हटलं तर रांगेतल्यासारखं होईल. पेपर झाल्यावर सांगते.

कामारिया: अगं, मास्तरांना असं म्हणतात होय!

मुखतार: बरोबर आहे तिचं. ताई, टोपली उतरवून घ्या. मी गाडी त्या झाडाखाली लावतो.

वानी: अडीच तासांचा पेपर आहे, सर.

मुखतार: सगळे प्रश्न सोडव. घाई करू नकोस.